मांडावर परीक्षा होत नाही

गोव्यात नाट्यस्पर्धेचे निकाल लागले की पाठोपाठ एक जुना वाद नव्याने सुरू होतो. यंदा तो जरा जास्तच पेटला. एका परिसंवादात एका ज्येष्ठ दिग्दर्शकांनी मत मांडलं, की आमची हौशी रंगभूमी खचते ती संसारामुळे. मुली लग्न झालं की जातात, मुलगे बाळ झालं की जातात, आणि उरलेले तालमीला येताना घरची कारणं घेऊन येतात. ज्याला कला हवी त्याने बाकीचं सोडायची तयारी ठेवावी, असं त्यांचं म्हणणं. त्यावर दुसऱ्या बाजूने तितक्याच जोरात उत्तर आलं, की संसार हीच सर्वांत मोठी कला, आईपणातूनच कलावंत घडतो. टाळ्या दोन्ही वाक्यांना पडल्या. अंत्रुज महालात, म्हणजे फोंड्याच्या परिसरात, इतकी वर्षं नाटक करताना मी या टाळ्या पुष्कळ ऐकल्या आहेत, आणि त्यांच्यामुळे एकही माणूस तालमीला परत आलेला मी पाहिलेला नाही.

माझं म्हणणं आधीच सांगते. बारसं, मुंज, मुलीची दहावी, सासऱ्यांचं आजारपण यांसाठी माणूस काही महिने, काही वर्षं कलेपासून दूर जातो. यात कलेचा अपमान नाही आणि निष्ठेची उणीवही नाही. नुकसान होतं ते परतताना. परत येऊ पाहणाऱ्याला आपण नव्याने दारात उभं करतो, 'तू अजून आहेस का कलाकार?' असं विचारतो, कधी शब्दांत, बहुतेक वेळा न बोलता. हा प्रश्न पुरेशा वेळा ऐकला की माणूस तो स्वतःलाच विचारू लागतो. ज्याला आपण आत्मविश्वासाचा अभाव म्हणतो, त्यातला मोठा भाग असा आपणच तयार केलेला असतो.

दुसऱ्या बाजूचं आधी बोलून घेते, कारण ती माझ्या बाजूची वाटण्याचा धोका आहे. संसार ही कला आहे, असं म्हणणं ऐकायला प्रेमळ वाटतं, पण त्याने कुणाचाही रियाझ होत नाही. दोन तास स्वयंपाकघरात उभं राहिल्याने भूप रागातला गंधार जागेवर येत नाही, तान्ह्या मुलाला रात्रभर मांडीवर घेतल्याने स्वगताचे विराम सापडत नाहीत. घरकामाला कला म्हटलं की एक सोय मात्र होते : ज्या बाईला गायचं आहे, तिला वेळ देण्याची जबाबदारी सगळ्यांच्या डोक्यावरून उतरते. ती तर आधीच कलाकार आहे, मग तिला आणखी काय हवं? हे कौतुक तिच्या हातात एक रिकामा तासही ठेवत नाही.

दिग्दर्शकांच्या बाजूत मात्र खरं वजन आहे आणि ते मान्य केल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. काही काम माणसाला पुरतंच मागतं. चित्रकार वासुदेव गायतोंडे घ्या. जन्म १९२४ साली नागपूरचा, घराणं गोव्याचं. या माणसाने लग्न केलं नाही, दिल्लीत निजामुद्दीनमधल्या लहानशा जागेत राहिला, लोकांत मिसळणं कमी करत गेला आणि वर्षाला मोजकीच चित्रं केली. ती चित्रं त्या एकांतातून आली हे नाकारण्यात अर्थ नाही. शास्त्रीय गायनात तर खंड पडला की गळा लगेच सांगतो. आणि दिग्दर्शकाची रोजची अडचणही खरी असते. पंधरा माणसं घामाघूम होऊन तिसरा अंक उभा करत असतात आणि स्पर्धेला पंधरवडा उरलेला असताना मुख्य भूमिकेतला नट मेव्हणीच्या लग्नाला बेळगावला जातो. बाकीच्या चौदा जणांनाही घरं आहेतच. घराचं कारण हे आळसाचं पांघरूणही असू शकतं, आणि आमच्या हौशी नाटकात ते अनेकदा असतं. पाठांतर न केलेल्या नटाला आजारी आजी नेहमी सापडते.

हे सगळं मान्य. पण त्यातून निघणारा निष्कर्ष मला मान्य नाही. गायतोंड्यांनी एकांत निवडला, तो त्यांच्या चित्रांना लागत होता. एका चित्रकाराच्या गरजेचा सगळ्या कलांसाठी नियम कसा होईल? नाटक, भजन, बायकांचे धालो नाच, घुमटाच्या तालावरची आरती या गोष्टी एकट्याने होतच नाहीत. ज्या कलेला माणसांचा मेळ लागतो तिने माणसांच्या आयुष्याशी हिशेब जुळवलाच पाहिजे, नाहीतर तिला फक्त विशीतली मुलं आणि निवृत्त झालेले लोक मिळतील. आज अनेक मंडळांच्या तालमीत नेमकं तेच दिसतं. मधलं वय गायब आहे.

त्यागाच्या बाजूने बोलताना बालगंधर्वांचा दाखला हमखास येतो. त्या परिसंवादातही आला. १९११ साली 'मानापमान'चा पहिला प्रयोग होता, त्याच दिवशी त्यांची लहान मुलगी वारली आणि तरीही ते नाटकाची नायिका भामिनी म्हणून उभे राहिले. ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येतो, माझ्याही येतो. पण या गोष्टीतून आपण काय शिकायचं ठरवलं आहे? किर्लोस्कर मंडळीचा तो नव्या नाटकाचा पहिला खेळ होता, मंडळीतल्या कितीतरी माणसांचं पोट त्यावर होतं, आणि भामिनीची भूमिका त्यांच्यावरच टेकलेली होती. एका माणसावर सगळं टेकवलेल्या व्यवस्थेत एका बापाला शोक करायला एक दिवस मिळाला नाही. त्या रात्रीचं धैर्य बालगंधर्वांचं, त्याला हात जोडावेत. तशी वेळ आणणाऱ्या रचनेला आदर्श का म्हणायचं? ही गोष्ट सांगणारे त्या बाळाचं नाव सांगत नाहीत. लक्ष्मीबाईंनी, म्हणजे तिच्या आईने, ती संध्याकाळ कशी काढली हेही कुणी सांगत नाही. ज्या गोष्टीतून घरातली माणसं अशी पुसली जातात ती गोष्ट घर आणि कला यांच्याविषयी आपल्याला काय शिकवणार?

आणि गोव्याने तरी 'कला की संसार' हा प्रश्न निरागसपणे विचारू नये. आमच्याकडे या प्रश्नाला शेकडो वर्षांचा सामाजिक इतिहास आहे. देवळांच्या सेवेतल्या कलावंत घराण्यांतल्या स्त्रियांनी गायचं, नाचायचं, विद्या सांभाळायची, आणि लग्नाची प्रतिष्ठा त्यांना नाही. बाकीच्या घरांतल्या स्त्रियांना लग्न, कुंकू, माजघर, आणि चारचौघांत गायची मनाई. एकीला कला दिली आणि घर नाकारलं, दुसरीला घर दिलं आणि कला नाकारली. ही विभागणी सुरांच्या स्वभावातून आलेली नव्हती, जात आणि देवस्थान यांच्या व्यवहारातून आलेली होती. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात याच कलावंत समाजाने सुधारणेची चळवळ उभारून ती मोडली, गोमंतक मराठा समाज या नावाने स्वतःला नव्याने उभं केलं. शिक्षण, लग्न, नोकरी हे सगळं झगडून मिळवलं. ज्यांनी ही भिंत पाडायला एवढी किंमत मोजली त्यांच्याच भूमीत आज आपण व्यासपीठावरून म्हणतो, की बाई, एक काहीतरी निवड. हे म्हणणाऱ्यांना आपण जुनंच वाक्य बोलतो आहोत याची जाणीव नसावी, पण ते वाक्य जुनंच आहे.

त्या विभागणीचे अवशेष आमच्या उत्सवी रंगभूमीवर आजही दिसतात. जत्रेच्या नाटकात गावचे पुरुष हौसेने उभे राहतात आणि अनेक गावांत स्त्रीभूमिकांसाठी बाहेरून मानधन देऊन अभिनेत्री बोलावतात. ती एखाद-दुसऱ्या तालमीला येते, रंगीत तालीम करते, रात्री प्रयोग रंगवते आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गावी वेगळ्या नाटकात उभी असते. या स्त्रियांना घर आहे, मुलं आहेत, मुलांच्या परीक्षा आहेत. भर हंगामात रात्र रात्र जागून त्या दोन्हीकडचं निभावतात, तेही पाठांतरात एक शब्द न चुकता. संसार आणि कला एकत्र होतात की नाही यावर दोन तास चर्चा झाली, आणि ज्या हे रोज करून दाखवतात त्यांचा उल्लेख एकाही वक्त्याने केला नाही. मला त्याचा राग आला, अजून आहे.

आता धालोंकडे येते. पौषातल्या रात्री गावच्या बायका मांडावर, म्हणजे या खेळासाठी ठरलेल्या अंगणात, जमतात, समोरासमोर दोन ओळी करतात आणि गात गात पुढे-मागे होतात. पाच, सात, नऊ अशा रात्री हे चालतं. एखादी बाळंतीण असेल तर ती त्या वर्षी येत नाही. कुणाच्या घरी सुतक असेल तर ती थांबते. पुढच्या पौषात दोघी आपल्या जागी येऊन उभ्या राहतात. त्यांना कुणी विचारत नाही, की गेल्या वर्षी कुठे होतीस, गाणी आठवतात का, चाल बसली आहे का. शेजारणीच्या आवाजाला धरून पहिली दोन कडवी गेली की तिसऱ्यापासून सगळं परत येतं. मांड हा बायकांच्या आयुष्याला गृहीत धरून बांधलेला आहे. बाळंतपण, मरण, आजार हे त्याला अपघात वाटत नाहीत, कारण त्यात अपघात काहीच नाही, माणसाच्या वर्षात ते येणारच.

यावर एक रास्त आक्षेप घेतला जातो. मांडावर परीक्षा नाही हे ठीक, पण तिथे दर्जाचाही प्रश्न नाही. स्पर्धेतलं नाटक, मैफलीतला ख्याल यांना दर्जा लागतो, आणि दर्जाला सातत्य लागतं. शिवाय मांडही काही सर्व बायकांना सारखा खुला नव्हता, त्याचेही विधिनिषेध होतेच. हा आक्षेप मी गंभीरपणे घेते. म्हणून दाखला मांडावरचा न देता कठोर तालमीच्या जगातला देते. गायिका मोगूबाई कुर्डीकर, जन्म १९०४, गाव गोव्यातलं कुर्डी, जे पुढे साळावली धरणाच्या पाण्याखाली गेलं आणि उन्हाळ्यात पाणी ओसरलं की अजून वर येतं. त्यांची जयपूर घराण्याच्या अल्लादिया खाँसाहेबांकडची तालीम सुरुवातीला सुरू झाली आणि तुटली. मग इतर गुरूंकडे शिक्षण झालं, आणि १९३४च्या सुमाराला ती पुन्हा खाँसाहेबांकडे जोडली गेली. १९३९मध्ये पती गेले. तीन मुलं पदरात. शिकवण्या केल्या, मैफली केल्या, मुलं वाढवली, आणि थोरल्या मुलीला, किशोरीला (पुढच्या किशोरी आमोणकर), स्वतः घडवलं. जयपूर घराण्याइतकी अवघड, काटेकोर गायकी आमच्या संगीतात थोडीच असेल. ती गायकी अशा तुटत-जोडत गेलेल्या तालमीतून, घरातल्या मरणातून आणि मुलांच्या संगोपनातून पार पडली. दर्जा आणि खंड एकत्र नांदत नाहीत असं म्हणणाऱ्याने या आयुष्याचं काय करायचं ते सांगावं.

मोगूबाईंचं उदाहरण देऊन 'बघा, त्यांना जमलं, तुम्हाला का नाही' असं मला अजिबात म्हणायचं नाही. त्यांनी जे सोसलं ते कुणालाही सोसावं लागू नये. मला त्यातली एकच गोष्ट उचलायची आहे. तालीम तुटल्यावर ती पुन्हा जोडून देणारा गुरू होता. दार उघडं होतं. ते बंद असतं तर मोगूबाईंच्या प्रतिभेचं काय झालं असतं, आणि ज्यांच्यासाठी ते बंद झालं अशा किती जणींची नावं आपल्यापर्यंत पोचलीच नाहीत?

स्वतःवरच्या शंकेविषयी या वादात फार उथळ बोललं जातं. एक बाजू म्हणते खऱ्या कलावंताला शंका नसते, दुसरी म्हणते शंका घेऊच नका, तुम्ही उत्तमच आहात. शंका नसलेला नट मी पाहिला आहे. तो दहा वर्षं तेच हातवारे करतो. गायिका केसरबाई केरकर पहिल्यापासून नावाजत होत्या, तरी तिशीच्या उंबरठ्यावर, १९२१च्या सुमाराला, अल्लादिया खाँसाहेबांकडे त्यांनी तालीम नव्याने सुरू केली. साठच्या दशकात त्यांनी जाहीर गाणं स्वतःहून थांबवलं. त्यांच्या आवाजाची एक ध्वनिमुद्रिका १९७७मध्ये व्हॉयेजर यानांवरून अंतराळात गेली, ती असली कडक नजर स्वतःवर ठेवणाऱ्या बाईचा आवाज घेऊन गेली. अशी शंका कामाविषयी असते : सूर लागला का, वाक्य पोचलं का, रेघ जिवंत आहे का. तिचं उत्तर दुसऱ्या दिवशीच्या रियाझात मिळतं, म्हणून ती माणसाला कामाकडे ढकलते. चार वर्षं घरी राहिलेल्या बाईला जी शंका पडते तिला असं उत्तर नसतं. ती कामाविषयी नसतेच, आपल्या हक्काविषयी असते. मी तिथे जाऊन उभी राहिले तर हसतील का? माझी जागा आता दुसरीची झाली आहे का? या वयात हे शोभतं का? ही शंका एकांतात वाढते, आणि घरात बसून, आरशासमोर कितीही सराव केला तरी मिटत नाही. तालमीत पहिल्या अर्ध्या तासात मिटते. म्हणजे ज्या गोष्टीने ती मिटू शकते तिच्यापासूनच ती माणसाला दूर ठेवते. तिला धीराची वाक्यं उपयोगी नाहीत, बोलावणं उपयोगी आहे.

पुरुषांचं काय, हा प्रश्न योग्य आहे. कवी बाकीबाब बोरकर आधी शिक्षक होते, मग आकाशवाणीत. चित्रकार लक्ष्मण पै १९७७ ते १९८७ अशी दहा वर्षं गोवा कला महाविद्यालयाचे प्राचार्य होते आणि चित्रं काढत राहिले. नोकरी सांभाळून कला करणारे पुरुष आमच्याकडे कायम होते. त्यांच्या चरित्रांत 'हे कसं जमवलं' हा प्रश्न क्वचितच येतो, कारण उत्तर सगळ्यांना ठाऊक असतं : घरात कुणीतरी चूल पेटवत होतं, पाहुणे सांभाळत होतं, मुलांना शाळेत पाठवत होतं. आजचा तिशीतला नट मात्र मुलीच्या बारशाला फक्त पाहुणा म्हणून हजर राहायला तयार नाही. त्याला रात्री बाळाला झोपवायचं आहे. ज्येष्ठांना यात निष्ठा पातळ झालेली दिसते. मला यात बरीच उशिरा आलेली न्याय्य गोष्ट दिसते, आणि रंगभूमीने तिच्याशी जुळवून घ्यावं असं वाटतं. रात्री आठला सुरू होऊन मध्यरात्री संपणारी तालीम ही परंपरा म्हणून सांगितली जाते. खरं तर ती अशा काळातली सोय आहे, जेव्हा नटाला घरी जाऊन काही करायचं नसे.

घरातले प्रसंग आणि कला एकमेकांत कसे बसतात हे बघायला गणेश चवथीच्या आधीचे दोन महिने गणपती घडवणाऱ्या कुठल्याही चित्रशाळेत जावं. चिकणमाती मळणं, साचा, हातकाम, घासणं, रंग, आणि शेवटी डोळ्यांची आखणी. अख्खं घर त्यात असतं. कार्यालयात काम करणारा मुलगा रजा टाकून येतो, सून रंगकाम करते, शाळेतून आलेलं पोर उंदीर रंगवतं. तिथेही ओढाताण असते, कमाई बेताची असते, आणि डोळे आखण्याचा मान बहुधा घरातल्या पुरुषाकडेच राहतो हे मला खटकतं. तरी एक गोष्ट तिथे पक्की दिसते. मधली दोन वर्षं बाळंतपणात गेलेल्या सुनेला तिसऱ्या वर्षी कुंचला हातात घेताना परवानगी मागावी लागत नाही.

सरकारी पातळीवरही मधल्या वयाकडे बघायला हवं. युवा सृजन पुरस्कार तरुणांना उमेद देतो, कला सन्मान उतारवयातल्या कलाकाराला आधार देतो, आणि दोन्ही योजना मोलाच्या आहेत. यांच्यामध्ये तीस ते पंचेचाळीसचं जे वय आहे, तिथेच कलाकार गळतात. त्या वयाला पुरस्कार नको असतो. त्याला रविंद्र भवनात तालीम चालू असताना मुलं सांभाळणारी एखादी बाई आणि एक खोली हवी असते, परतणाऱ्यांसाठी महिनाभराचं शिबिर हवं असतं, दिवसा तालमीसाठी परवडणाऱ्या दरात जागा हवी असते. याला फार मोठा निधी लागत नाही. कला अकादमीच्या भजन स्पर्धेत महिलांचा वेगळा गट झाला, आणि संसारी बायकांची भजनी पथकं गावोगाव उभी राहिली. रचना बदलली की माणसं येतात, हे आम्ही आमच्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

राहता राहिला तो बेळगावला लग्नाला गेलेला नट. त्याच्या दिग्दर्शकाचा वैताग खरा होता, पण त्यावरचा इलाजही नाटकवाल्यांना जुनाच माहीत आहे. महत्त्वाच्या भूमिकेला दुसरा माणूस पहिल्या दिवसापासून तयार करावा. तो दुसरा माणूस कुठून आणायचा? चार वर्षांपूर्वी मंडळ सोडून गेलेल्या मुलींमधून, बाळ झालं म्हणून थांबलेल्या मुलांमधून. त्यांना नाटक येतं, त्यांना पूर्ण हंगाम देता येत नाही पण आठवड्याचे दोन दिवस देता येतात, आणि दुसऱ्या फळीतून परतताना कुणाची परीक्षा होत नाही. पावसाळ्यात मंडळांच्या बैठका होतील, संहिता निवडल्या जातील, पात्रयोजना ठरेल. नवीन मुलांसाठी निवड चाचणी जाहीर करण्याआधी जुन्या फोटोंमधली माणसं बघून त्यांना फोन करावेत. पहिल्या फोनला ती 'आता कुठे जमतंय' म्हणतील. दुसरा फोन करावा, आणि तालीम रविवारी सकाळी ठेवावी.